उसनी आजी

१

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता तानीबाईंच्या आयुष्यातला एक तास चोरीला गेला. आणि चोरी उघडकीस आली तेव्हा तो एकेचाळीस हजार लोकांच्या पसंतीस उतरलेला होता.

ही तक्रार घेऊन तानीबाईंची नात पारमिता माझ्या शहापुरातल्या घरी आली. तिचे वडील हयात असताना बेळगावच्या न्यायालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मी तिथूनच शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षे माझे मुख्य काम एकच होते: नक्कल मूळ कागदाशी ओळीओळीने ताडून पाहणे. या कामाने माणसाला मित्र मिळत नाहीत; परंतु दोन कागदांतला फरक दिसल्यावाचून झोप लागत नाही, अशी सवय मात्र जडते.

पारमिताने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. लिंक्डइन हे नोकरदारांचे आणि उद्योजकांचे संकेतस्थळ. तिथे माणसे आपले काम मांडतात आणि फॉलोअर जमवतात. वृषभ अकिवाटे या बेळगावच्या तरुण उद्योजकाने तिथे इंग्रजीत एक मजकूर टाकला होता. तो मी शक्य तितक्या इमानाने मराठीत देतो.

‘साठ वर्षांपूर्वी माझी आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मजुरी करत होती. संध्याकाळी सुटताना दारावर बायकांची झडती होई. एके दिवशी तिच्या अंबाड्यातून मूठभर तंबाखू निघाली. सासूच्या मिसरीसाठी घेतलेली. मुकादमाने तिला मोकळ्या केसांनी, भिंतीकडे तोंड करून, तासभर उभे केले. दिवस मावळत आला होता, म्हणून मालकाचा मुलगा पेढीवर जेवून घेत होता. त्याने ताटातून मान वर केली नाही. आज मी चाळीस माणसांना काम देतो. आजी, तू त्या दिवशी उभी राहिलीस, म्हणून मी आज उभा आहे.’

“आप्पा, ही माझी आजी हाय,” पारमिता म्हणाली. “त्याची न्हाई.”

“खात्री?”

“मिसरी, अंबाडा, भिंत. सगळं तिचं. आयुष्यात एकदाच सांगितलं तिनं, मला एकटीला. वर म्हणाली, हे माझ्यासंगं जळू दे.”

आई गेल्यावर पारमिताला तानीबाईंनीच वाढवले. गेली सहा वर्षे दोघी बेळगावात एकत्र राहत होत्या. या मजकुराचे मराठी भाषांतर फिरत फिरत निपाणीला पोचले. तिथल्या अक्काताई नावाच्या जुन्या शेजारणीने ते कौतुकाने फोनवर तानीबाईंना वाचून दाखवले. ऐकून तानीबाईंनी आपली पिशवी भरली, बस धरली आणि त्या नातवाकडे, बुद्धप्रियकडे निघून गेल्या. त्याला आज नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत त्या पारमिताशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“तिला वाटतंय, मी विकलं तिला. ऐंशी वर्षांची हाय, आप्पा. हेच मनात धरून गेली तर?”

“तू हे आणखी कुणाला सांगितले होतेस?”

तिने मान खाली घातली. उत्तर आले ते माझ्याकडे न पाहता.

“सांगितलं नव्हतं. लिहिलं होतं. त्याच साइटवर टाकायला.”

२

पारमिताचे फॉलोअर अकराशे होते. ते वाढावेत अशी तिची इच्छा होती, आणि त्या इच्छेत गैर काय हे मला ठरवता येत नाही. आमच्या पिढीने वर्तमानपत्रांच्या संपादकांना पत्रे लिहिली ती काही विरक्तीपोटी नव्हे. आजीची हकीकत तिने मसुदा म्हणून लिहिली, तिघांना दाखवली, आणि मग ‘टाकायची नाही’ असे ठरवले, असे तिने मला सांगितले. ते तिघे म्हणजे भाऊ बुद्धप्रिय, कार्यालयातली मैत्रीण क्षमा, आणि टिळकवाडीत फॉलोअर वाढवण्याचे वर्ग घेणारा साईराज.

माझा तर्क सरळ होता. श्रीमंत मनुष्य स्वतः लिहीत नाही, विकत घेतो. तेव्हा वृषभ हा केवळ खरेदीदार. खरेदीदाराला विचारून काय मिळणार? विकणारा शोधायचा, आणि तो या तिघांपैकीच एक. वृषभला भेटण्याची गरज मला वाटली नाही. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे, कारण मला ते विसरता आलेले नाही.

साईराज पहिल्या मजल्यावर वर्ग घेत असे. भिंतीवर आठवड्याचे वेळापत्रक होते: सोमवारी अपयश, बुधवारी आई, शुक्रवारी कृतज्ञता.

“दुःखाला वेळ असते, आप्पा,” तो मला समजावू लागला. “सकाळी साडेआठला चालतंय. लोक ऑफिसला जाताना बघतात. दुपारी टाकलं की पडलंच म्हणून समजा.”

“पारमिताचा मसुदा तू वृषभला दिलास?”

“मी? अहो, मी तिला म्हटलं, ह्यात शेवट न्हाई. आजी उभी राहिली, पुढं काय? शेवटी यश पाहिजे. ती म्हणाली, पुढं काय न्हाई, आजी घरी गेली. असलं कोण वाचतंय?”

“तू स्वतः काय लिहितोस?”

“माझं वडिलांवर हाय. त्यांच्या किडन्या गेल्या, मी शिकवण्या करून घर चालवलं. बावीस हजार फॉलोअर त्यावर झाले.”

“आता कसे आहेत वडील?”

त्याने जिन्याकडे पाहिले. खालच्या दुकानातून एक ठणठणीत आवाज आला, “सायऱ्या, चहा घेऊन जा रं!”

साईराजचे कान लाल झाले. “बाबा वाचत न्हाईत,” तो हळूच म्हणाला. “पण कुणी वाचून दाखवंल म्हणून रोज जीव खालीवर होतोय.”

अशा मनुष्याला आणखी काय विचारायचे? मी घरी आलो, पारमिताचा मसुदा आणि वृषभचा मजकूर शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीओळीने ताडू लागलो. चाळीस माणसांचा शेवट सोडला, तर हकीकत एकच होती. मात्र मूळ मसुद्यात नसलेली एक गोष्ट नकलेत होती, आणि ती कुणाची हे मला तात्काळ कळले. निदान तसे मला वाटले.

३

क्षमा मूळची चिकोडीची, जैन कुटुंबातली. मी तिच्या कार्यालयात गेलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि ती डबा उघडत होती.

“दोन मिनिटं हां, आप्पा. दिवस मावळायच्या आत खाऊन घेते. नंतर मग पाणीसुद्धा न्हाई.”

मी थांबलो. तिचे जेवण होईपर्यंत थांबलो, आणि मग ज्या स्वरात मी कारकुनांना चूक दाखवत असे त्याच स्वरात बोललो.

“पारमिताच्या मसुद्यात कुणीही जेवत नाही. वृषभच्या मजकुरात मालकाचा मुलगा जेवतो. आणि का जेवतो? तर दिवस मावळत आला म्हणून. हे कारण साईराजला सुचणार नाही, बुद्धप्रियला सुचणार नाही. ज्याच्या घरी सूर्यास्तानंतर ताट वाढले जात नाही, त्याच्याच लेखणीतून हे वाक्य उतरते. आणि तुझ्या मावशीचे सासर अकिवाट्यांचेच आहे.”

तिचा चेहरा उतरला. तिने डब्याचे झाकण लावले, ते नीट बसले नाही, पुन्हा लावले.

“म्हणजे मी विकलं. मैत्रिणीची आजी.”

“मी पुरावा सांगतो आहे.”

“तुम्ही अर्धा सांगताय.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज ढळला नव्हता. “मी रचलं असतं, तर हे का रचलं असतं? आमच्याच चालीनं जेवणारा पोरगा, आणि पाठीमागं बाई उभी. हे आमच्या माणसाला लाज आणणारं हाय. खोटं लिहिणारा माणूस स्वतःला चांगलं दिसंल असंच लिहितो न्हवं? हे कुणी रचलेलं न्हाई, आप्पा. हे कुणीतरी बघितलंय.”



“मी तो मसुदा वाचून रडले. पारूला म्हटलं, टाकू नको, आजीला विचारलंयस का? ती म्हणाली, बरं, न्हाई टाकत. एवढंच माझं.” ती उठली. “आणि मावशीचं सासर म्हणालात. आमच्यात निम्मा तालुका एकमेकांचा पाहुणा लागतोय. तेवढ्यावर चोर ठरवायचं असलं, तर चिकोडीला जाऊन मोठा पिंजरा लावा.”

चौतीस वर्षांत माझ्या तोंडावर कुणी माझी नक्कल इतकी स्वच्छ दुरुस्त करून दिली नव्हती. मी तिची क्षमा मागायला हवी होती. मी ‘बरे’ म्हणालो आणि जिना उतरलो.

४

जे क्षमाने म्हटले ते खरे असेल, तर प्रश्न बदलत होता. मसुदा कुणी फोडला हा प्रश्नच उरत नव्हता. ते जेवण कुणी पाहिले, एवढेच विचारायचे होते. आणि ते सांगू शकणारी, माझ्या माहितीत, एकच व्यक्ती हयात होती.

दुसऱ्या दिवशी मी निपाणीला गेलो. बुद्धप्रिय तिथे शाळेत शिक्षक आहे. त्याने दारातच मला अडवले.

“आजीला तरास द्यायचा न्हाई, आप्पा. आणि माझ्यावर संशय असला तर आधीच सांगतो. मी पारूला शिव्या घातल्या. म्हटलं, आजीच्या मोकळ्या केसांवर तुला नाव कमवायचंय का? त्यापरीस जास्त मी काय केलं न्हाई.”

तानीबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

“पारीनं धाडलंय व्हय?”

“मी माझ्या मनाने आलो. एकच विचारतो. त्या संध्याकाळी पेढीवर कोण होते?”

“मला काय ठाव? तोंड भिंतीकडं, केस तोंडावर. मागनं बायका जात हुत्या, त्यांच्या पायांचा आवाज तेवढा येत हुता. एक बी बोलली न्हाई. ते बरं केलं त्यांनी.”

“मालकाचा मुलगा तिथे जेवत होता, असे तुम्ही पारमिताला सांगितले होते?”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. “कोण जेवत हुतं? मी बघितलंच न्हाई, तर सांगू कशी?”

तेव्हा कोडे सुटले, आणि सुटले ते अशा रीतीने की मान वर करवेना. जे तानीबाईंनी पाहिले नाही ते पारमिताला ठाऊक नव्हते. जे पारमिताला ठाऊक नव्हते ते मसुद्यात नव्हते. आणि जे मसुद्यात नव्हते ते मसुदा वाचणाऱ्या तिघांपैकी कुणीही देऊ शकत नव्हता. मजकूर मसुद्यातून आलेलाच नव्हता. भिंतीकडे तोंड असलेल्या बाईची ती हकीकत नव्हती. तिच्या पाठीमागे बसलेल्या माणसाची होती.

“वखार कुणाची होती?” मी विचारले.

“आम्ही लाल कौलांची म्हणायचो. मालकाचं नाव कोण घेतंय? धनी म्हणायचं.”

“आता तिथं मंगल कार्यालय झालंय,” बुद्धप्रिय मध्येच म्हणाला. “धनी म्हंजे तवनाप्पाचा बाप. तवनाप्पा अजून हायत, मागच्याच गल्लीत. मुलानं बेळगावला कारखाना टाकला. नातू बी तिकडंच कसली तरी कंपनी काढून बसलाय.”

“त्यांचे आडनाव?”

बुद्धप्रिय सांगायला गेला आणि त्याचा हात कपाळाकडे गेला.

“अकिवाटे,” तो म्हणाला.

५

तवनाप्पा अकिवाटे चौऱ्याहत्तर वर्षांचे, कृश, स्वच्छ पांढऱ्या धोतरातले गृहस्थ. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. मी मजकूर मराठीत वाचून दाखवला. ‘माझी आजी’ या शब्दांवर त्यांनी हात वर केला.

“परत वाचा.”

मी परत वाचले.

“आमच्या आईनं वखारीत कधी पाय ठेवला न्हाई,” ते म्हणाले. “बायको तर शेडबाळची, सोन्यानं मढवून आणलेली. कोण आजी?”

मी पुढचे वाचले, मालकाच्या मुलाच्या ताटापर्यंत. त्यांचे ओठ हलू लागले.

“मी चौदा वर्षांचा हुतो. घरनं डबा आलता. ती बाई समोर उभी. केस मोकळे. मी थांबलो, तर वडील म्हणाले, जेव रं, दिवस चालला. मी जेवलो. सगळं जेवलो. ताट सुद्धा पुसून खाल्लं, वर बघायला लागू नये म्हणून.” त्यांनी डोळे मिटले. “गेल्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी पोरं पाया पडून क्षमा मागत हुती. मला वाटलं, ह्यांना तरी सांगावं आपण कुणाची मागायची राहिलीय. वृषभ तिथंच बसलता. डोळ्यांत पाणी आलतं त्याच्या.”

फोन गेला आणि दुपारपर्यंत वृषभ बेळगावहून आला. उंच, विनयशील, तिशीच्या आतला मुलगा. त्याने आजोबांचे पाय शिवले, मला नमस्कार केला, आणि सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाला,

“मी कुणाचं नाव घेतलं न्हाई, आप्पा. ती बाई जिवंत असंल हे मला माहीतच नव्हतं.”

“मेली असती तर चालले असते?”

“तसं न्हवं. गोष्ट मला लागली होती, खरंच. पण आपण मालक होतो असं लिहिलं असतं, तर कोण फॉलो करणार? घराण्याची अब्रू गेली असती ती वेगळीच. म्हणून मी फक्त बाजू बदलली.”

“फक्त!” तवनाप्पा ओरडले. इतक्या कृश देहातून इतका मोठा आवाज निघेल असे मला वाटले नव्हते.

चूक कुठे झाली, हे त्याला अजून समजले नव्हते. मी ते त्याला समजावले. तू बाई उचललीस, वखार उचललीस, भिंत उचललीस आणि आपल्या बाजूला मांडलीस; पण ताट तुझ्या लक्षात आले नाही, कारण दिवस मावळण्याआधीचे ताट तुझ्या घरात रोजचेच. मजुराच्या नातवाला मालकाच्या पोराचे जेवण आठवायचे कारण नव्हते. ते फक्त जेवणाऱ्याच्या घरात आठवले जाते.

 मग त्याने मोबाइल काढला.

“मी माफी मागतो. उद्या सकाळीच टाकतो. सगळं खरं लिहितो, आजोबांचं, वखारीचं. त्या आजींचा एक फोटो मिळाला तर...”

तवनाप्पांनी मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. “आधी ते पुसायचं. माझ्यादेखत. मग माझ्यासंगं चालायचं.”

६

पारमिताला मी बोलावून घेतले होते. ती, मी, तवनाप्पा आणि वृषभ बुद्धप्रियच्या दारात उभे राहिलो, तेव्हा मी समाधानी होतो हे कबूल केले पाहिजे. कोडे सुटले होते, पारमिता निर्दोष ठरली होती, अपराधी हजर होता. आत जाऊन मी तानीबाईंना सर्व क्रमवार सांगितले. तवनाप्पा पुढे झाले, हात जोडून उकिडवे बसले.

“उत्तम क्षमा, बाई. तो जेवणारा पोरगा मी.”

तानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले.

“तू हुतास व्हय तिथं?”

“व्हय.”

“साठ वर्षं मला वाटत आलं, मागं नुसत्या बायका हुत्या,” त्या म्हणाल्या. “आपल्याच बायका. त्यांनी बघितलं तर बघितलं. गडीमाणूस कोण न्हवता, असं धरून मी जगले. आता ते बी गेलं.”

त्यांनी हे शांतपणे म्हटले. तवनाप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले. आणि मला कळले की माझ्या निर्दोष तर्काने या बाईच्या हातून जे काढून घेतले, ते वृषभलाही घेता आले नव्हते. त्याने तिची लाज बाजारात मांडली होती. त्या लाजेला उरलेला आडोसा मी पाडला होता.

“आजी, मी सगळ्यांसमोर लिहून माफी...” वृषभने सुरुवात केली.

“काय लिवायचं न्हाई,” तानीबाई म्हणाल्या. “आज्याला घरी ने. दिवस मावळंल, त्याला जेवायचं आसंल.”

ते दोघे गेले. पुढे समजले की मजकूर नाहीसा झाला, मात्र त्यावर जमलेले छत्तीस हजार फॉलोअर वृषभकडेच राहिले.

खोलीत आम्ही चौघे उरलो. “आजी, पारूनं विकलं नव्हतं,” बुद्धप्रिय म्हणाला. “तिचा काय बी संबंध न्हाई. ऐकलंस न्हवं?”

तानीबाईंनी नातीकडे पाहिले. एक शब्द पुरला असता. पारमिताने फक्त मान डोलवायची होती. निकाल तिच्या बाजूने लागला होता आणि तो मी दिला होता.

“संबंध हाय,” पारमिता म्हणाली. “मी बी लिहिलं होतं, आजी. तुझंच.”

“पण टाकायचं नाही असं तू ठरवलं होतंस,” मी घाईने म्हणालो.

“खोटं सांगितलं तुम्हाला. क्षमाला बी. मंगळवारी सकाळी साडेआठची वेळ लावून ठेवली होती.” ती आता माझ्याशी बोलत नव्हती. “सोमवारी त्याचं आलं, म्हणून मी माझं काढलं. लोक म्हणतील नक्कल केली, म्हणून काढलं. तुझ्यासाठी न्हाई काढलं, आजी.”

बुद्धप्रियने तोंड फिरवले. तानीबाईंचा हात जमिनीवर होता. त्यांनी तो जरा हलवला, जणू काही झाडून बाजूला करत होत्या.

“मग त्याच्यात न् तुझ्यात काय फरक?”

“एका दिवसाचा.”

 माझ्या चौतीस वर्षांत मी आरोपींना सुटकेसाठी नाना प्रकारचे खोटे बोलताना ऐकले. सुटका झाल्यावर खरे बोलून ती परत करणारे कुणी पाहिले नव्हते. पारमिताचे हुंदके मात्र ऐकू आले नाहीत. ती नुसती उभी होती, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

शेवटी तानीबाई जराशा सरकल्या. भिंतीलगत एका माणसापुरती जागा झाली.

“उभी काय ऱ्हातीस?” त्या म्हणाल्या. “बस.”

इतक्या दिवसांनंतर त्या नातीशी बोलल्या होत्या. मी उठलो, चपला शोधल्या आणि बाहेर पडलो. बसस्थानकावर पोचेपर्यंत क्षमाला फोन करण्याचे धैर्य मला होत नव्हते, पोचल्यावर केला. तिने तो उचलला, आणि माझे म्हणणे पूर्ण होईपर्यंत एकदाही मध्ये बोलली नाही.